शिरस : कानातल्या फुलापासून घाण्याच्या लाटेपर्यंत

खानदेशात एक झाड तीन वेगवेगळ्या लोकांना तीन वेगवेगळ्या रूपांत ठाऊक आहे. संस्कृत शिकलेल्या माणसाला ते ‘शिरीष’ म्हणून माहीत असते, म्हणजे कोमलपणाची शेवटची उपमा. लाकडाच्या वखारीत तेच ‘शिरस’ होते, म्हणजे सागाच्या खालोखालचा कामाचा, गडद गाभ्याचा ओंडका. आणि रस्ता रुंद करणाऱ्याच्या मोजणीत ते ‘इतर झाडे’ या रकान्यातला एक आकडा होते. या तिघांची एकमेकांशी गाठ पडत नाही. मेघदूत पाठ असलेल्या कित्येकांना आपल्या बसथांब्यावर सावली धरून उभे असलेले झाड कोणते, हे सांगता येत नाही. जो सुतार लाकूड हुंगून झाड ओळखतो, त्याला याच झाडाचे फूल अलकानगरीतल्या स्त्रियांच्या कानात होते, हे कुणी सांगितलेले नसते.

मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या गावांची नावे गोळा करता करता या झाडापाशी पोहोचलो. या लेखात त्या शोधाचा हिशेब मांडतो आहे. झाडाची ओळख हरवली की झाड राखण्याचे कारणही हरवते, असे मला दिसले, म्हणून हा खटाटोप.

गावाच्या नावातले झाड

खानदेशातली गावे झाडांच्या नावांनी भरलेली आहेत. साक्री तालुक्यातले पिंपळनेर, शिरपूर तालुक्यातले पळासनेर, रावेरकडचे निंभोरा, यावलचे अंजाळे, जळगावला लागून असलेले पिंप्राळा. ही यादी कितीही वाढवता येईल. वसाहत करणाऱ्यांनी पहिल्यांदा पाणी पाहिले, मग सावली पाहिली, आणि जे झाड तिथे ठळक होते त्याचे नाव वस्तीला दिले. आपल्याकडे हे इतके सहज घडले आहे की त्याचे आपल्याला नवलही वाटत नाही.

या यादीत ‘शिरस’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. जळगावजवळचे शिरसोली, मध्य रेल्वेच्या मनमाड–भुसावळ मार्गावरचे स्टेशन. पारोळा तालुक्यातले शिरसमणी. यावल तालुक्यातले शिरसाड. बोदवडकडे मारुतीसाठी प्रसिद्ध असलेले शिरसाळे. संस्कृत ‘शिरीष’, प्राकृत ‘सिरीस’, हिंदी ‘सिरस’ आणि मराठी ‘शिरस’ अशी या शब्दाची सरळ उतरंड आहे. ‘चिंचोली’त जशी चिंचेची पल्ली आहे, तशी ‘शिरसोली’त शिरसाची पल्ली मानायला भाषेची कोणतीही अडचण नाही.

इथे एक शंका कुणीही घेईल, आणि ती घ्यायलाच हवी. मोहरीला संस्कृतात ‘सर्षप’ म्हणतात आणि त्या शब्दाचेही झिजून ‘शिरस’च्या जवळ जाणारे रूप होते. मग ही गावे झाडाची की पिकाची? माझा कौल झाडाकडे आहे, आणि त्याला दोन कारणे आहेत. एक तर खानदेशातली तेलबियांची जुनी शेती तीळ, जवस, करडई यांची. मोहरीने एखाद्या शिवाराला ओळख द्यावी असे ते पीक इथे कधी नव्हते. दुसरे म्हणजे पीक दर हंगामाला बदलते, झाड पिढ्यान् पिढ्या जागेवर उभे राहते. पत्ता सांगायला माणसे झाडच वापरतात. जोडीला त्याच परिसरात पिंपळ, निंब, पळस, अंजन यांची गावे असताना शिरसाचे गाव नसते, तरच आश्चर्य.

गावांच्या नावांचा असा अभ्यास आपल्याकडे नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी स्थलनामांच्या व्युत्पत्तीवर अपार मेहनत घेतली. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच त्यांचा अंत झाला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. शब्दाच्या तळाशी माणसांचा इतिहास असतो, हा धडा त्यांच्याकडूनच माझ्यासारख्या शाळेबाहेरच्या विद्यार्थ्याने घेतला. मी त्यात एवढीच भर घालतो की, शब्दाच्या तळाशी झाडांचाही इतिहास असतो. आज शिरसोलीच्या शिवारात किती शिरस उभे आहेत, हा प्रश्न म्हणूनच मला भाषेचाही वाटतो.

कोणता शिरस?

गोंधळ पहिल्यांदा ओळखण्यातच होतो. ‘शिरीष’ या नावाखाली आपल्या रस्त्यांवर निदान तीन झाडे चालतात.

खरा शिरस तो, ज्याला शास्त्रात अल्बिझिया लेबेक म्हणतात. तो भारतीय उपखंडाचाच रहिवासी. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची पाने गळतात आणि फांद्यांवर गवताच्या रंगाच्या, चपट्या, कागदासारख्या शेंगा तेवढ्या लोंबत राहतात. वीतभर लांब, दोन-तीन बोटे रुंद, आत मोजक्या बिया. वारा सुटला की साऱ्या शेंगा खुळखुळतात. वेस्ट इंडीजमध्ये या आवाजावरून झाडाला ‘बाईची जीभ’ असे नाव पडले. नाव ठेवणाऱ्याची वृत्ती त्यातून कळते, झाडाची नव्हे! एप्रिल ते जून या काळात, नवी पालवी फुटत असताना, पांढरट आणि टोकाला हिरवट-पिवळी फुले येतात. संध्याकाळी पाने मिटतात आणि अंधारात वास दरवळतो.

दुसरा किन्हई, म्हणजे पांढरा शिरस. त्याचे खोड सरळ, उंच आणि गुळगुळीत फिकट सालीचे असते, शेंगा बारीक आणि तांबूस. तिसरा पाहुणा आहे : रेन ट्री, ज्याला विलायती शिरीष किंवा वर्षावृक्ष म्हणतात. तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आला. त्याची फुले गुलाबी, शेंगा जाड, काळसर, गोड गराच्या आणि न उकलणाऱ्या. मोठ्या शहरांत छत्रीसारखा पसरलेला ‘शिरीष’ बहुधा हाच असतो. कालिदासाचे फूल म्हणून कुणी गुलाबी झुबका दाखवला, तर नम्रपणे नाही म्हणावे. ते झाड कालिदासाच्या काळी समुद्रापलीकडे होते.

शास्त्रीय नावाचीही गंमत आहे. 18व्या शतकात फ्लॉरेन्सच्या अल्बिझी घराण्यातल्या फिलिपो नावाच्या सरदाराने या कुळातले एक झाड कॉन्स्टँटिनोपलहून इटलीत नेले. त्याच्या आडनावातला एक ‘झेड’ गाळून कुळाचे नाव झाले. ‘लेबेक’ हे अरबी ‘लबख’वरून आले. लिनीयसने 1753 मध्ये हे झाड लाजाळूच्या कुळात घातले होते. बेंथमने 1844 मध्ये त्याला आजच्या कुळात आणले. म्हणजे आपल्या शिरसोलीच्या झाडाचे नाव अर्धे इटालियन आणि अर्धे अरबी आहे. 19व्या शतकात कैरोच्या रुंद रस्त्यांवर सावलीसाठी याच झाडाच्या रांगा लावल्या गेल्या. परक्या शहरांनी ज्याला शोभेचे झाड म्हणून बोलावून घेतले, त्याला आपण ‘इतर’ म्हणतो.

फूल : केसर, पाकळी नव्हे

शिरीषाचे फूल हातात घेऊन पाहिले की कळते, त्यात डोळ्यांना दिसते ती पाकळी नव्हेच. पाकळ्या लहान आणि खाली झाकलेल्या असतात. एका देठावर पुष्कळ बारीक फुलांचा झुबका असतो आणि त्या प्रत्येकातून लांब, रेशमासारखे पुंकेसर बाहेर पडलेले असतात. ज्याला आपण फूल म्हणतो, तो सगळा केसरांचा पसारा. बोट लागले की तो चिंबतो आणि तासा-दोन तासांत मान टाकतो.

हे लक्षात ठेवून कालिदास वाचावा. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत नटी उन्हाळ्याचे गीत गाते, त्यात स्त्रिया हळुवार हातांनी शिरीषाची फुले खुडून कानात घालतात, आणि तिथे कवी फुलाचा नाजूकपणा सांगतो तो केसरांच्या टोकांचा. पहिल्या अंकात झाडांना पाणी घालून दमलेल्या शकुंतलेच्या चेहऱ्यावर घाम येतो आणि कानातले शिरीष त्या घामाने गालाला चिकटते. सहाव्या अंकात पश्चात्तापाने पोळलेला दुष्यंत तिचे चित्र काढतो, आणि काय राहिले ते सांगताना त्याला आठवते ते कानातले शिरीष, ज्याचे केसर गालापर्यंत लोंबत असत. तिन्ही जागी कवीने झाड पाहून लिहिले आहे. फूल उन्हाळ्यातले, कानात राहील इतके हलके, आणि सौंदर्य केसरांत. शास्त्रज्ञाने याहून वेगळे काय सांगितले असते?

कुमारसंभवात तपाला निघालेल्या पार्वतीला तिची आई म्हणते ती उपमा तर प्रसिद्धच आहे : शिरीषाचे फूल भुंग्याच्या पायाचा भार सोसेल, पाखराच्या पायाचा नव्हे. पण पुढे काव्यात काय होते? पार्वती तप करते आणि ते पुरे करते. आईची उपमा खोटी ठरते. मला वाटते, शिरीषाची पूर्ण ओळख या प्रसंगात आहे, कारण ज्या झाडाचे फूल इतके हळवे, त्याच झाडाच्या पोटात घाणा ओढण्याच्या ताकदीचे लाकूड असते.

हे झाड मुद्दाम लावण्याची परंपराही जुनी आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत बाग करताना आधी कोणती मंगल झाडे लावावीत ते सांगितले आहे. त्यात निंब, अशोक, पुन्नाग यांच्याबरोबर शिरीष आहे, आणि ते घराजवळही लावावे असे म्हटले आहे. चरकाने विषावरच्या औषधांत शिरीषाला सर्वांत वरचे स्थान दिले. बौद्ध परंपरेत प्रत्येक बुद्धाचा बोधिवृक्ष वेगळा. शाक्यमुनींचा पिंपळ, तर त्यांच्या आधीच्या क्रकुच्छंद बुद्धांचा शिरीष. अजिंठ्याच्या 22व्या लेण्यात सात मानुषी बुद्ध आणि मैत्रेय ओळीने चितारलेले आहेत, त्यांची नावे खाली लिहिलेली आहेत, आणि प्रत्येकामागे त्याचा वृक्ष आहे. जळगावाहून अजिंठ्याला जाणारे हजारो लोक पद्मपाणी पाहून परततात. त्या ओळीतल्या क्रकुच्छंदापाशी क्षणभर थांबले, तर आपल्याच रस्त्यावरचे झाड तिथे भेटेल.

लाकूड : पांढरे आणि गाभा

आता वखारीत जाऊ. शिरसाचा ओंडका आडवा कापला की बाहेरचे कडे पांढरट आणि आतला गाभा गडद तपकिरी, मधूनमधून काळपट रेघांचा दिसतो. बाहेरच्या पांढऱ्याला कीड लागते. गाभा टिकतो. वाळलेले लाकूड घनमीटरला साधारण 600 ते 700 किलो भरते, म्हणजे सागाच्या आसपास किंवा थोडे जड. त्याची वीण गुंतलेली असते, त्यामुळे रंधा मारताना धागा उचकटतो. पण एकदा घासून तेल दिले की त्यावर अक्रोडासारखी झळाळी येते. अंदमानातले हेच लाकूड ‘कोको’ या नावाने निघायचे आणि विलायतेच्या बाजारात ‘ईस्ट इंडियन वॉलनट’ म्हणून विकले जायचे.

आपल्याकडे ते दिवाणखान्यात कमी आणि राबत्या जागी जास्त गेले. तेलाचा घाणा, उसाचा चरक, गाडीची चाके, विहिरीच्या तळाशी बसवायचे कडे, ही शिरसाची जुनी कामे. घाण्याची लाट बैलाच्या फेऱ्यांबरोबर दिवसभर उखळात घासली जाते. तिला जड, चिवट आणि न फुटणारे लाकूड लागते. ज्या प्रदेशात तीळ आणि भुईमूग पिकतो, तिथे अशा लाकडाची किंमत काय असेल, हे सांगायला नको.

धुळ्याच्या एका म्हाताऱ्या सुताराला मी शिरसाबद्दल विचारले तेव्हा त्याने लाकडाच्या गुणांआधी त्रास सांगितला : “आधी नाकले फडकं बांधनं पडस, भाऊ.” शिरसाचा भुसा नाकात गेला की शिंकांवर शिंका येतात. झाडात साबणासारखा फेस देणारी द्रव्ये असतात, त्यांचा हा परिणाम. त्याच द्रव्यांमुळे त्याची साल पूर्वी साबणासारखी वापरली जाई. नाक झोंबले की सुतार झाड ओळखतो. पुस्तकात न सापडणारी ही खूण मला त्या दुकानात मिळाली.

शेतकऱ्याचा हिशेब आणखी वेगळा. शिरसाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. पाला शेळ्या-गुरे आवडीने खातात आणि त्यात प्रथिने भरपूर असतात. वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि मे महिन्यात 45 अंशांचा तडाखा, अशा आपल्या हवेत हे झाड वेगाने वाढते. त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. मुळे वरच्या थरात पसरतात, त्यामुळे वादळात झाड कलंडू शकते. फांद्या ठिसूळ असतात आणि शेंगांचा कचरा होतो. भिंतीला लागून किंवा विजेच्या तारांखाली ते लावू नये. बांध, मैदान, शाळेचे आवार आणि रस्त्याची मोकळी कड या त्याच्या जागा.

‘इतर’ या रकान्यात

या झाडाचे नाव खानदेशात आणखी एका जागी कोरलेले आहे. 9 सप्टेंबर 1942 रोजी तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातल्या नंदुरबारला मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात पाच विद्यार्थी हुतात्मा झाले. तिरंगा घेऊन पुढे असलेला शिरीषकुमार मेहता तेव्हा 15 वर्षांचा होता. आज या भागात ‘शिरीष’ म्हटले की पहिल्यांदा तोच आठवतो, आणि तसेच व्हायला हवे. पण ज्या फुलाचे नाव त्या मुलाला मिळाले, ते फूल कोणत्या झाडावर येते हे मी अनेक शाळांत विचारले. उत्तर क्वचितच आले.

ओळख नसल्याची किंमत कागदावर मोजली जाते. झाडतोडीचा महाराष्ट्राचा 1964चा कायदा काही जातींना अनुसूचीत घालून जपतो. त्यात साग, मोह, आंबा, चिंच, खैर, चंदन, अंजन, जांभूळ ही झाडे आहेत. शिरस त्यात नाही. शहरांसाठीचा 1975चा कायदा आहे, आणि 2021च्या दुरुस्तीने 50 वर्षांहून जुन्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ मानले. पण तो नागरी हद्दीपुरता. हद्दीबाहेरच्या रस्त्यावर शंभरी गाठलेला शिरसही या दोन्ही छत्रांच्या मधल्या फटीत उभा राहतो.

धुळे ते जळगाव आणि पुढे भुसावळकडे जाणारा महामार्ग, जुना 6 आणि आताचा 53 क्रमांकाचा, चौपदरी झाला. रस्त्याची गरज होती, याबद्दल वाद नाही. त्या कामात कडेची जुनी सावली गेली. कडुनिंब आणि चिंचेबरोबर शिरसही गेले. दुभाजकावर कण्हेर आणि बोगनवेल आली. ती फुलतात, पण त्यांच्याखाली कुणी दुचाकी थांबवून घाम पुसू शकत नाही. झाडतोडीची एक यादी मी एका कचेरीत पाहिली आहे. आंबा, चिंच, निंब यांना त्यात स्वतंत्र ओळी होत्या आणि शेवटी ‘इतर’. त्या शब्दाखाली कोणती झाडे गेली, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. जे नाव लिहिले गेले नाही, त्याच्या बदल्यात तेच झाड लावा असे म्हणायची सोयही उरत नाही.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. शहरांत दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याची तरतूद कायद्यातच आहे. तिच्यात आणि रस्त्यांच्या प्रत्येक पंचनाम्यात जातीचे नाव लिहावे. ज्या गावांच्या नावात शिरस आहे, त्यांनी निदान शाळेच्या आवारात एक तरी लावावा. बी मिळवणे अवघड नाही. पाणी उकळून खाली उतरवावे, त्यात बिया टाकाव्यात, रात्रभर तशाच राहू द्याव्यात आणि सकाळी पिशवीत लावाव्यात. टणक साल मऊ होते आणि थोड्याच दिवसांत कोंब येतो.

हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा शिरसाला फूल नसेल. फांद्यांवर चपट्या, हिरव्याच्या पिवळ्या होत चाललेल्या शेंगा असतील आणि अजून त्या खुळखुळत नसतील. पौष-माघापर्यंत त्या वाळतील. तेव्हा चार शेंगा खिशात टाकून घरी आणाव्यात. झाडाचे नाव कुणी विचारलेच तर ‘शिरस’ म्हणावे, आणि ‘शिरीष’ तो हाच, हेही सांगावे.